कोचमनशेजारची जागा

मॅगपाय गाडीचा कोचमन रूबेन टॅरंट यानं पेनफोल्डबाईंना लग्नाचं विचारलं ते दोन तुकड्यांत. अर्धा प्रश्न सकाळी स्टॅनफर्थकडे जाताना, उरलेला अर्धा संध्याकाळी परत येताना. दोष त्याचा नव्हता. ऑल्डरबीतल्या बाईंच्या ‘नांगर’ सराईसमोर गाडी थांबायची ती फक्त घोडी बदलण्यापुरती, आणि आमच्या साऱ्या रस्त्यावर नांगरइतक्या झपाट्यानं घोडी बदलणारी दुसरी सराई नव्हती. दमलेली चार सुटायची, ताजी चार जुंपली जायची, आणि टपावरचा माणूस खाली उतरून पाय मोकळे करावेत का, या विचारात असतानाच मोतद्दार ओबेद पुढच्या जोडीची तोंडं सोडून “जाऊ द्या” म्हणून ओरडायचा.

त्या सकाळी टॅरंटच्या तोंडून एवढंच निघालं होतं, “पेनफोल्डबाई, तुम्ही जर कधी पुन्हा”, आणि ओबेद ओरडला. गाडी गेली. बाई दिवसभर या वाक्याचं शेपूट शोधत राहिल्या. पुन्हा काय? पुन्हा बिअरमध्ये पाणी घातलंत तर? पुन्हा तो कुत्रा घोड्यांच्या पायांत सोडलात तर? संध्याकाळी शेपूट येऊन पोचलं: “लग्न करायचं म्हटलंत, तर माझाही विचार करा.” बाईंनी ‘करते’ म्हटलं की नुसतं ऐकून घेतलं, यावर टपावर दोन तट पडले. गाडी तोवर चर्चच्या कोपऱ्यावर पोचली होती.

हेस्टर पेनफोल्डबाईंना वैधव्य येऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा मागे ठेवून गेला ती सराई, तबेला आणि ओबेद. सराईत उतरणारे चार-दोनच. पोट भरायचं ते घोड्यांवर. ऑल्डरबी ते स्टॅनफर्थ हा मॅगपायचा टप्पा नांगरच्या घोड्यांनी ओढायचा, आणि गाडीचे मालक टप्पा कोणाला देतात, तर जो वेळ खात नाही त्याला. म्हणून बाईंनी स्वतः अंगणात उभं राहून ओबेदला आणि त्याच्या माणसांना शिकवलं होतं: साज आधीच चढवलेला हवा, हात रिकामा दिसता कामा नये, बोलणं नको. या शिस्तीचं इतकं नाव झालं की दुसऱ्या सराईवाले बघायला येत. आता त्याच शिस्तीनं बाईंचं लग्न अडवून धरलं होतं. कोणीतरी ओबेदला सुचवून पाहिलं की बाबा, एखादा पट्टा जरा उशिरा आवळलास तर काय बिघडतं? ओबेद म्हणाला, बाईंनी हुकूम दिला तर आवळेन. बाई असा हुकूम देणं शक्य नव्हतं.

मी लोकरीचा व्यापारी. आठवड्यातून दोनदा स्टॅनफर्थला जाणं भाग, आणि आत कोंडून घेण्यापेक्षा मला टप बरा वाटतो. त्यामुळे बरंचसं माझ्या कानांवर पडलं आहे. आतल्या प्रवाशांची मात्र पंचाईत व्हायची. काचा लावून बसलेले ते लोक स्टॅनफर्थला जेवणाच्या टेबलावर आमच्याकडे सरकायचे आणि विचारायचे, आज काही पुढे गेलं का? बहुतेक दिवशी गेलेलं नसायचं. गवताची कापणी झाली, गहू घरात आले, आणि बाई विचारच करत होत्या. गाडीचा गार्ड फिंच शिंग फुंकून गाडी आल्याची वर्दी द्यायचा. तो गावात शिरताना मुद्दाम लग्नातली धून वाजवू लागला. एकदा बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर पुन्हा साधं शिंग.

सप्टेंबरात बातमी आली. मॅगपायचे मालक रात्रीची एक नवी, जास्त वेगाची गाडी सुरू करणार होते, आणि महिनाअखेरच्या मायकेलमसच्या सणापासून तिच्यावर टॅरंट बसणार होता. हा मान होता. लोखंडी रस्त्याच्या, म्हणजे आगगाडीच्या, गप्पा तेव्हा सुरू झाल्या होत्या, पण आमच्या भागात त्यावर कोणी फारसा विश्वास ठेवत नव्हतं. जलद जायचं म्हणजे चार चांगली घोडी आणि टॅरंटसारखा कोचमन, हेच आम्हाला माहीत. सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. तो आभार मानत होता, पण तोंड मात्र दात दुखत असल्यासारखं.

नांगरपुढे त्यानं बाईंना सांगितलं, “मायकेलमसच्या आत उत्तर मिळालं तर उपकार होतील.”

बाईंनी संध्याकाळी विचारलं, एवढी घाई का? टॅरंट म्हणाला, सांगायला वेळ लागेल. ओबेद ओरडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई अंगणात तयारच होत्या. म्हणाल्या, “उद्या मला स्टॅनफर्थला यायचं आहे. तुमच्या शेजारची जागा ठेवा.”

टपावर चुळबुळ झाली. कोचमनच्या शेजारची जागा ही साधी जागा नव्हे. तिथून रस्ता दिसतो, घोडी दिसतात, आणि कोचमनच्या तोंडून साऱ्या जिल्ह्याच्या भानगडी ऐकायला मिळतात. त्या जागेसाठी घरंदाज तरुण कोचमनचा हात ओला करतात, त्याच्यासारखा बहुपदरी कोट शिवून घेतात, त्याच्यासारखं दातांतून थुंकायला शिकतात. आणि गाव मागे पडलं की हळूच म्हणतात, जरा लगाम देता का? प्रवाशाच्या हाती लगाम देणं कायद्यानं गुन्हा आहे. आमच्या रस्त्यावर हा कायदा सगळ्यांना ठाऊक होता आणि कोणीच मनावर घेत नसे. ऑल्डरबीपासून पुढे ही जागा एका पोमफ्रेट नावाच्या तरुणाची होती. जमीनदाराचा पुतण्या, स्टॅनफर्थला त्याचं काही काम नसायचं. जाताना गाडी हाकायची, जेवायचं, येताना पुन्हा हाकायची. बाई मात्र त्या जागेवर बसलेली मी तोवर पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. बाई रविवारची टोपी घालून, शिडीला हात न लावता वर चढल्या. पोमफ्रेटला आमच्यात, मागच्या बाकावर बसावं लागलं. माझ्या एका बाजूला तो फुगून बसला, दुसऱ्या बाजूला ट्रॉटबाई. ट्रॉटबाई लोणी विकायच्या, आणि त्यांच्या मांडीवरची टोपली रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात माझ्या बरगडीत यायची. त्या दिवशी त्यांनी ती पायाशी ठेवली आणि पुढे वाकून बसल्या. म्हणाल्या, वारा मागून आहे, पुढचं सगळं ऐकू येईल असं नाही.

ओबेदनं नेहमीपेक्षाही लवकर घोडी सोडली. बाई बघताहेत म्हटल्यावर तो आणखी काय करणार?

पहिला काही वेळ कोणी बोललंच नाही. या दोघांना एका वाक्याची सवय, आणि समोर सगळा टप्पा पडलेला. दोघांची अवस्था दोन पाहुण्यांसारखी झाली होती, ज्यांना यजमान दिवाणखान्यात बसवून निघून गेला आहे. टॅरंटनं हवेबद्दल काही सांगितलं. बाईंनी पुढच्या जोडीतल्या उजव्या घोड्याबद्दल सांगितलं. त्याचं नाव टॅटर, आणि त्याला ओट्स मानवत नव्हते. ट्रॉटबाईंनी उसासा सोडला.

गाव मागे पडलं, वळण आलं, गेलं. पोमफ्रेट पुढे झुकून म्हणाला, “टॅरंट, वळण गेलं की. मी इथून घेतो ना रोज?”

“आज नाही, सर.”

बाईंनी मान वळवली. “रोज?”

“हौस असते तरुणांना,” टॅरंट म्हणाला.

“कुठपर्यंत?”

याचं उत्तर पोमफ्रेटनंच मोठ्या अभिमानानं दिलं. टेकडी उतरून पार नाक्यापर्यंत. टॅरंट दुसऱ्या कोणाला टेकडीवर लगाम देत नाही, असंही त्यानं सांगितलं. बाई टॅरंटच्या हातांकडे बघू लागल्या होत्या. मीही मग बघितलं, पण मला दोन हातमोजे दिसले आणि चार लगाम.

माळावर आल्यावर बाईंनी विषय काढला. रात्रीची गाडी मानाची आहे म्हणतात, असं म्हणाल्या. टॅरंटनं मान डोलावली.

“मग घेणार ना?”

“नाही.”

“का?”

टॅरंट घोड्यांच्या कानांकडे बघत म्हणाला, “लग्न झालेल्या माणसाला रात्रीची गाडी जमणार नाही, असं मालकांना सांगता येईल.”

बाईंनी टोपीची नाडी आवळली. “म्हणजे मालकांना सांगायला कारण हवं, म्हणून बायको हवी.”

“तसं नाही, बाई.”

“मग कसं आहे?”

ट्रॉटबाई माझ्या कोपराला धरून बसल्या होत्या. पण टेकडी आली. टिंकरची टेकडी म्हणजे आमच्या टप्प्यातला एकच अवघड भाग; उतार लांब, आणि मध्यावर आंधळं वळण. फिंचनं उडी मारून मागच्या चाकाखाली लोखंडी अडण घातलं आणि गाडी घसटत, करकरत खाली निघाली. उतारावर कोचमनशी बोलू नये एवढं बाईंना कळत होतं.

वळणापलीकडे रस्ता पांढरा होता. मायकेलमसच्या बाजाराला निघालेले हंस. कवितेतले राजहंस नव्हेत. सणाला भाजून खायचे ते गावठी, भांडखोर पक्षी, शेकड्यांनी, रस्त्याच्या या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. हाकणारे दोघे पार मागे. पुढचे हंस माना लांब करून फिसकारत थेट घोड्यांवर आले. टॅटर उजवीकडे उसळला आणि जोडीच्या डचेस घोडीलाही घेऊन गेला.

कोचमनच्या डाव्या मुठीत चारही लगाम असतात, प्रत्येक बोटाच्या फटीत त्याच्या त्याच्या घोड्याचा. उजव्या हातात चाबूक. टॅरंटनं मूठ मागे ओढली, आणि विहिरीत पोहरा सुटावा तसे चारही लगाम मुठीतून सरसर निघून गेले. त्यानं चाबूक टाकून उजव्या हातानं झडप घातली. त्याला मागच्या जोडीचेच सापडले. पुढचे दोन बाईंनी पकडले. कसे पकडले ते मला सांगता येणार नाही. एवढं दिसलं की त्या उभ्या होत्या, एक पाय पुढच्या फळीवर रोवलेला होता, आणि दूध उतू जाताना मोलकरणीवर ओरडावं तशा त्या ओरडत होत्या. “टॅटर, गाढवा, मागे ये. डचेस, तू तरी.” घोडी त्यांचीच, त्यांच्या हातचं खाल्लेली. तो आवाज त्यांना ठाऊक होता, आणि त्यानंतर काय होतं तेही. टॅटरनं अंग चोरलं आणि रस्त्यावर आला. टॅरंटच्या हातातले दोन लगाम बाईंनी काही न विचारता आपल्या हातात घेतले.

गाडी उताराच्या पायथ्याशी उभी राहिली. हंस बहुतेक कुंपणात होते. एक उडून टपावर आला होता. ट्रॉटबाईंनी लोणी मांडीवर काढून त्या हंसावर टोपली पालथी घातली होती आणि हाकणारा धापा टाकत आला तेव्हाच, जराशा नाराजीनं, त्या ती उचलायला तयार झाल्या. आतल्या प्रवाशांपैकी एकानं काच खाली करून विचारलं, काही झालं का? फिंचनं सांगितलं, काही नाही, हंस होते. काच वर गेली.

“हात दाखवा,” बाई म्हणाल्या.

टॅरंटनं दातांनी ओढून हातमोजा काढला. डाव्या हाताची करंगळीकडची दोन बोटं सरळ ती सरळच राहिली. तिसरं अर्धं मिटत होतं.

“कधीपासून?”

“गेल्या हिवाळ्यात बर्फात अडकलो होतो ना, तेव्हापासून. आधी वाटलं, वसंतात सुटतील. सपाटीला लगाम मनगटाला गुंडाळून चालतं. उताराला नाही चालत.”

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आमची आपली समजूत, टॅरंट पोरांकडून पैसे उकळतो म्हणून लगाम देतो. त्याला लोभी म्हणून आम्ही किती हसलो होतो. रात्रीच्या गाडीवर हौशी तरुण कोण येणार? तिथे त्याला टेकड्यांवरून गाडी स्वतःच उतरवावी लागली असती.

पोमफ्रेटला प्रकाश जरा वेगळ्या बाजूनं दिसला. तो हळूच म्हणाला, “म्हणजे टॅरंट, माझा हात चांगला आहे म्हणून तुम्ही मला…”

“तुमचा हात ठीक आहे, सर. माझ्यापेक्षा बरा.”

“आणि इतके महिने आमचा जीव या निकामी हातात होता,” ट्रॉटबाई म्हणाल्या. “मला आधी कळलं असतं तर मी लोणी डोक्यावर घेऊन चालत गेले असते.”

बाईंनी घोडी चालवली. कोणाची परवानगी घेतली नाही, आणि द्यायला कोणी पुढे आलंही नाही. टॅरंट हात मांडीवर ठेवून बसला होता. इतक्या वर्षांत त्याला त्या बाकावर रिकाम्या हातानं बसलेला मी प्रथमच पाहत होतो. तो एकदम लहान दिसू लागला होता. थोडं अंतर गेल्यावर बाईंनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, आणि आम्ही सगळे ऐकतो आहोत याची त्यांना यत्किंचितही फिकीर दिसली नाही.

“मला विचारलंत ते माझ्यासाठी, की हातासाठी? खरं सांगा. मला सराईत बसवायला पांगळा माणूस नको आहे आणि फसवणाराही नको आहे.”

टॅरंट म्हणाला, “विचारलं ते तुमच्यासाठी. घाई केली ती हातासाठी.”

ट्रॉटबाईंनी माझ्या कानात सांगितलं की त्यांचा नवरा आयुष्यात एकदाही इतकं सरळ बोलला नाही. मी म्हटलं, थांबा.

नाका आला. नाक्यापलीकडे स्टॅनफर्थचा मोठा रस्ता, दुतर्फा दुकानं, आणि रस्त्याच्या टोकाला ‘सोनेरी गरुड’ सराईची कमान. कमान जुनी आणि अरुंद. तिच्यातून चार घोडी आणि भरलेला टप आत नेणं हीच कोचमनची खरी परीक्षा, आणि ती बघायला आत अंगणात नेहमी पंधरा-वीस रिकामटेकडे उभे असत. बाईंनी नाक्याशी घोडी थांबवली आणि लगाम टॅरंटपुढे धरले.

“घ्या. सपाट आहे. मनगटाला गुंडाळा आणि आत न्या. कोणाला काही कळणार नाही.” मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “हे बोलणार नाहीत.”

आम्ही माना हलवल्या. खरंच बोललो नसतो. पोमफ्रेटसुद्धा बोलला नसता. त्याला तर बोलायला तोंडच राहिलं नव्हतं.

टॅरंटनं लगामांकडे पाहिलं. हात पुढे केला. बोटं मिटून पाहिली, उघडून पाहिली. मला वाटतं, त्याला तेव्हा सगळं मिळत होतं: आजचा दिवस निभावला असता, मायकेलमसपर्यंतचे थोडे दिवस निभावले असते, मग लग्नाचं कारण सांगून ताठ मानेनं गाडीवरून उतरता आलं असतं. बाईंनी अजून उत्तर दिलेलं नव्हतं, पण लगाम परत देणारी बाई नकार देईल असं कोणाला वाटत नव्हतं.

त्यानं हात मागे घेतला.

“आत माणसं उभी असतात,” तो म्हणाला. “मुलंही असतात. तुम्हीच न्या.”

“कमानीतून मी कधी नेलेली नाही.”

“मी सांगतो.”

आणि त्यानं सांगितलं. हळू आवाजात, नाक्यापासून कमानीपर्यंत. पुढची जोडी आधी डावीकडे जाऊ द्या, इतकी नको, आता मागची धरा, आता डचेसला बोलवा, आता काही करू नका. दुकानांच्या दारांत माणसं आली. एका न्हाव्यानं साबण लावलेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून रस्त्यावर धाव घेतली, आणि त्याच्यामागून गिऱ्हाईकही आलं. बाईंची रविवारची टोपी मागे लोंबत होती. आम्ही माना खाली घातल्या, कमान डोक्यावरून गेली. मागचं डावं चाक दगडाला घासलं. खूण अजून आहे. टॅरंटच्या मते ती बाईंमुळे नाही, आधीपासूनची आहे.

गाडीमालकांचा एजंट कचेरीतून अंगणात आला, बाईंकडे आणि लगामांकडे बघून त्यानं चष्मा पुसला, आणि कायदा सांगायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, घोडी माझी आहेत. एजंट म्हणाला, गाडी मालकांची आहे आणि हा गुन्हा आहे. बाई आणखी काही म्हणणार होत्या, पण टॅरंट खाली उतरला होता.

“लगाम मी दिले,” तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. कोचमनचा आवाज होता तो. “माझा हात निकामी आहे. गेल्या हिवाळ्यापासून. रात्रीची गाडी मला जमणार नाही, आणि ही तर आजच सोडायला हवी. संध्याकाळी दुसरा माणूस बघा.”

“हिवाळ्यापासून?” एजंट म्हणाला. “मग इतके दिवस टेकडीवर गाडी कोण हाकत होतं?”

पोमफ्रेट टपावरून उतरत होता, तो मध्येच शिडीवर थांबला. मग, त्याचं कौतुक करायला हवं, म्हणाला, “मी. आणि हात ठीक आहे माझा, असं म्हणतात.”

अंगणात हसू फुटलं. एजंट हसला नाही, पण कायदाही पुन्हा काढला नाही. कचेरीत या म्हणून तो टॅरंटला घेऊन गेला. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आला तेव्हा टॅरंटच्या अंगावर तो कोचमनचा कोट नव्हता. घडी करून हातावर टाकलेला होता.

पेनफोल्डबाई तोवर तबेल्याकडे गेल्या होत्या. सोनेरी गरुडचे मोतद्दार त्यांची घोडी सोडत होते, आणि त्या त्यांना सांगत होत्या की आमच्याकडे एवढ्या वेळात दोन गाड्या निघून जातात. टॅरंट शेजारी जाऊन उभा राहिला. मी माझ्या लोकरीची गाठोडी मोजत होतो. ट्रॉटबाई माझी गाठोडी मोजत होत्या.

“सांगितलं,” टॅरंट म्हणाला.

“ऐकलं. अर्ध्या गावानं ऐकलं.”

“आता माझ्याकडे गाडी नाही. मालकांना कारण सांगायचंही उरलं नाही. म्हणजे घाई संपली. तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या.”

बाईंनी टॅटरचा पाय उचलून नाल पाहिला, ठेवला. “ओबेदच्या कामात तोंड घालायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तबेला त्याचा. स्वयंपाकघर माझं. घोडी विकत घ्यायला जत्रेत तुम्ही जायचं. मला व्यापारी फसवतात. आणि हा कोट खुंटीला टांगून ठेवायचा, घालून मिरवायचा नाही. जमेल का, रूबेन?”

टॅरंटनं, मला वाटतं, ‘जमेल’ म्हटलं. ट्रॉटबाई शेजारी मोठ्यानं नाक शिंकरत होत्या.

संध्याकाळी मॅगपाय परत निघाली ती एका नव्या, तरण्या कोचमनच्या हाती. टॅरंट आमच्यात, टपावर मागच्या बाकावर बसला, आणि मी आजवर पाहिलेल्या प्रवाशांत त्याच्याइतका वाईट प्रवासी दुसरा नाही. कमानीतून बाहेर पडताना त्यानं डोळे मिटले. नाक्यापाशी तो म्हणाला, पोरगा मूठ वर धरतो. सपाटीवर म्हणाला, डचेसला ओढू देत नाही, सगळं टॅटरवर टाकतो. पोरानं मागे वळून नम्रपणे विचारलं, काका, तुम्हाला इथे बसायचं आहे का? बाईंनी टॅरंटच्या बाहीला धरलं. तो गप्प झाला, पण पाय प्रत्येक वळणाला फळी दाबत होता.

टिंकरच्या टेकडीशी गाडी थांबली. चढाला टपावरच्यांनी उतरून चालायचं, घोड्यांचा भार हलका करायचा, ही आमच्याकडची रीतच आहे. सगळे उतरले. गाडी पुढे, आम्ही तिच्यामागे, आणि टॅरंट आणि बाई सर्वांत शेवटी. ऊन तिरपं झालं होतं. कुंपणाला जागोजाग पांढरी पिसं अडकली होती. ट्रॉटबाई चाल मंद करू लागल्या. टोपली जड आहे म्हणाल्या, तीही रिकामी. मी टोपली त्यांच्याकडून घेतली, पोमफ्रेटनं दुसऱ्या बाजूनं त्यांचा दंड धरला, आणि आम्ही तिघे भराभर वर चढलो. त्यामुळे त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला इथे देता येत नाही.

माथ्यावर घोडी दम खाऊन कधीच तयार झाली होती. आम्ही जागांवर बसलो. फिंचनं शिंग फुंकलं. खाली वळणाशी ती दोघं दिसत होती. टॅरंट हातवारे करून काहीतरी समजावत होता, बहुधा घोड्यांबद्दल, आणि बाई मान हलवून नाही म्हणत होत्या. कोणालाच घाई दिसत नव्हती. नव्या कोचमननं घड्याळ काढलं, फिंचकडे पाहिलं. फिंचनं शिंग पिशवीत घातलं आणि पिशवीचा बंद ओढून घेतला. आतल्या काचेतून कोणीतरी विचारलं, गाडी का थांबली आहे?

“घोडी दमलीत,” ट्रॉटबाई म्हणाल्या.